माझी बिनधुराची चूल

नोकरी लागली तेव्हा मला स्वयंपाक येत नव्हता, पण स्वयंपाकघर कसं असावं यावर मी पाऊण तास बोलू शकत होते. मी ग्रामसेविका होते. ही नोकरी तेव्हा नवीनच निघाली होती. नवे पैसे चालू होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती, तरी मुळशीच्या बाजारात भाव अजून आण्यांतच सांगत. पुण्याच्या आमच्या घरी आई आणि दोन वहिन्या, त्यामुळे चुलीशी माझा संबंध पाट मांडण्यापुरताच आलेला. वर्षभराच्या प्रशिक्षणात मात्र मी पहिली आले होते. लेखी परीक्षेत.

नेमणूक झाली पिरंगुटजवळच्या भरे गावात. एका शेतकऱ्याच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या. आतल्या खोलीत कोपऱ्यात मातीची चूल होती, खिडकी नव्हती, आणि धूर कौलांच्या फटींतून त्याला जमेल तसा बाहेर जाई. तिथे मी सकाळी डोळे पुसत पुसत भात करपवायची आणि दुपारी देवळात बायका जमवून त्यांना चुलीच्या धुराचे तोटे समजावून सांगायची. माझ्याकडे एक रंगीत तक्ता होता. डावीकडे जुन्या चुलीपुढे वाकून बसलेली, रडवेली बाई. उजवीकडे बिनधुराच्या चुलीपाशी उभी, हसणारी बाई. मी छडीने आधी डावीकडे दाखवायची, मग उजवीकडे.

तिसऱ्या की चौथ्या व्याख्यानाला माझी घरमालकीण मागे खांबाला टेकून बसली होती. मी तिला मावशी म्हणायची. ठेंगणी, काटक बाई, बोलणं मोजकं. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बाई, त्या हसणाऱ्या बाईवानी चूल तुमच्याकडं हाय का?"

"माझ्याकडे साधीच आहे," मी म्हणाले.

"व्हय, ठावं हाय मला. धूर आमच्या ओसरीवर येतो." बायका हसल्या. "मंग पयली तुमची करा. आमी बगाय येतो."

तेव्हा काही सबब सांगून मला वेळ मारून नेता आली असती. पण मी छातीला हात लावून सांगितलं की पुढच्या महिन्यात सगळ्यांनी यावं, स्वयंपाकघर पूर्ण सुधारलेलं असेल, आणि तेही जवळजवळ फुकटात. फुकटात म्हणण्याचं कारण उघड होतं. पगारातले बरेचसे पैसे मी पुण्याला पाठवत असे आणि उरलेल्यात माझा महिना कसाबसा निघे.

मालकांची परवानगी घ्यायला गेले. ते बैलांना वैरण टाकत होते. धुराड्यासाठी चार कौलं काढावी लागतील, असं मी सांगितलं. त्यांनी वर बघून विचार केला.

"काडा. पावसात गळंल."

"गळणार नाही. आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात तशी सोय दिली आहे."

"बरं," म्हणाले, आणि पुन्हा वैरणीकडे वळले.

मग मी कामाला लागले. खाचराच्या कडेची चिकणमाती पाटीत भरून आणली, त्यात भाताचं तूस आणि शेण घालून तुडवली. रॉकेलचे रिकामे डबे पौडला नेले, तिथल्या कंदील दुरुस्त करणाऱ्याकडून ते कापून, जोडून पत्र्याचं धुराडं करून आणलं. ते खांद्यावर घेऊन मी गावात शिरले तेव्हा पारावरच्या माणसांनी बोलणं थांबवलं. खोक्याच्या फळ्यांची मांडणी केली. ती भिंतीवर जरा उतरती बसली, त्यामुळे डबे एका टोकाला गोळा होत. ही डबे एकत्र ठेवायची सोयच आहे, असं मी मानून घेतलं.

खरा अभिमान होता तो ओट्याचा. चूल जमिनीवर नाही, ओट्यावर हवी, म्हणजे बाईला वाकावं लागत नाही. दगड-मातीचा ओटा मी स्वतः रचला. पुस्तकात लिहिलं होतं, 'उंची गृहिणीच्या कमरेइतकी ठेवावी.' मी माझ्या कमरेला दोरी लावून माप घेतलं. आमच्या घरी मला शिडी म्हणत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. ओट्यावर चूल घातली. पुढे जाळाचं तोंड, मागे दुसरं भांडं ठेवायला वैल, आणि तिथून धुराड्यापर्यंत धूर जायला मातीच्या आतून बोगदा. ओली माती खचू नये म्हणून बोगद्यात गोणपाटाची गुंडाळी घालायची आणि माती वाळली की ती ओढून काढायची, हेही पुस्तकात होतं. हे मी बायकांना तोंडपाठ सांगितलं होतं.

ठरलेल्या दुपारी पंधरा-वीस बायका आल्या. खोलीत मावेनात, तेव्हा काही दारात उभ्या राहिल्या. सारवलेला ओटा, वर गेलेलं धुराडं, सगळं नवंकोरं दिसत होतं. मी दोन वाक्यांचं प्रास्ताविक केलं, ते वाढत वाढत दहा मिनिटांचं झालं. मग मावशीला म्हणाले, "या, पहिली भाकरी तुम्हीच थापा."

मावशी पुढे आली. ओटा तिच्या छातीला लागत होता. तिने परात ओट्यावर ठेवली, पीठ घेतलं, टाचा उंचावून दोन-तीन वेळा हात मारून पाहिला. मग मागे वळून शांतपणे म्हणाली, "बाई, हितं भाकर थापायची का झेंडावंदन करायचं?"

हसणं ओसरेपर्यंत मी काड्या पेटवल्या. जाळ क्षणभर छान लागला. मग धूर निघाला. तो धुराड्याकडे गेलाच नाही. वैलातून आला, तोंडातून आला, मीच लिंपताना ठेवलेल्या फटींतून आला. मी म्हणाले की नवी चूल आहे, तापली की ओढ घेईल, आणि आणखी लाकडं घातली. थोड्या वेळाने धुराला जळक्या चिंध्यांचा वास यायला लागला. बायका पदर तोंडाला लावून एकेक करून बाहेर पडल्या. आत मी एकटी उरले, माझ्या तक्त्यातल्या डावीकडच्या बाईसारखी, फक्त उभी.

संध्याकाळी चूल विझवून मी पायरीवर बसले होते. राजीनाम्याची भाषा मनात जुळवत होते. मावशी आत गेली आणि बाह्या सारून तिने बोगद्यात हात घातला. काळं, अर्धवट जळालेलं गोणपाट बाहेर ओढून तिने माझ्यापुढे धरलं.

"हे आतच ठिवायचं असतं व्हय?"

ती माझ्या शेजारी बसली. मला रडू आलं आणि त्यातच हसूही आलं. तिने गोणपाट अंगणात भिरकावलं आणि म्हणाली, "उद्या वटा पाडू. चूल वाईट न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी ओटा पाडला. ती सांगेल ती माती मी तुडवली. तिने चूल जमिनीपासून वीतभर उंच घातली, म्हणजे पाटावर बसून भाकरी थापता येईल. तोंड मोठं ठेवलं. "तुमच्या पुस्तकातली लाकडं काडीवानी हायेत," ती म्हणाली, "आमची ही अशी असत्यात." धूर धुराड्यातून गेला. सगळा नाही, पण बराचसा. पहिल्या वळवाला छप्पर गळलं. मालक आले आणि धुराड्यावर फुटका माठ पालथा घालून गेले.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत मावशीने स्वतःच्या घरी तशी चूल घातली, मग तिच्या जावेकडे, मग आणखी काही घरी. मी अहवालात लिहिलं, 'माझ्या मार्गदर्शनाखाली.' मुख्यसेविका, म्हणजे आमच्या वरच्या बाई, तपासणीला आल्या. टेप लावून म्हणाल्या, माप चुकलं आहे, पण चूल चालते. त्यांनी मावशीला विचारलं, "कोणी शिकवलं?"

"बाईंनी," मावशी म्हणाली, माझ्याकडे न बघता.

त्या गेल्यावर मी तिला म्हणाले, "तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"खोटं कुटं? लई गोष्टी कशा करू न्हाई ते तुमीच दावलं की."

वर्षभराने माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी पौडला काही कामासाठी गेले तेव्हा वाट वाकडी करून भरे गावात उतरले. माझ्या खोलीत भाताची पोती होती आणि चुलीच्या जागी कोंबडी खुडूक बसली होती. मावशीने मला तिच्या स्वयंपाकघरात नेलं आणि चहा ठेवला. जाळ पुढे घेत ती सुनेच्या बाळंतपणाचं सांगत राहिली. धूर धुराड्यातून जात होता, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. चुलीबद्दल काहीतरी बोलावं असं माझ्या दोनदा मनात आलं. मग मी चहा घेतला आणि मुलगी झाली की मुलगा, ते विचारलं.