भिंतीचा ताप

आमच्या घरी आली की शेजारीण आधी बसत नसे. लेकराचा ताप बघतात तसा उलटा हात भिंतीला टेकवायची आणि म्हणायची, "अजून उतरला नाही वो." मग पदर सावरून खुर्चीत बसायची, चहाची वाट बघत. मला त्या हाताचा भारी राग यायचा. आमची भिंत ओली आहे हे मला कुणी येऊन सांगायला नको होतं.

नाकाडोंगरीतलं ते घर मालकानं मधे भिंत घालून दोघांना भाड्यानं दिलेलं. रस्त्याकडचा अर्धा भाग तिचा, मागचा आमचा. आमच्या पाठीशी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. आषाढात त्यांत पाणी साचलं की ते जमिनीतून भिंतीत चढायचं. मग कपाटातले स्वेटर, देवाच्या फोटोची मागची बाजू, सगळीकडे काळी बुरशी. मालक म्हणायचा, पावसाळ्यात ओल कुणाकडे नसते? तिच्याकडे नव्हती ना! तिच्याकडे गेलं की डांबराच्या गोळ्यांचा कोरडा, श्रीमंत वास यायचा.

सगळे तिला काकू म्हणत. नवरा होता तोवर घरात हातमाग होते. नवरा आणि माग दोन्ही गेल्यावर ती विणकरांकडून साड्या आणून घरीच विकायची. रस्त्याकडच्या कोपऱ्यात फळीवर त्यांची चळत असे. "माया घरी कापड हाय, ओल चालत नाही," असं ती सांगायची, जणू ओल तिला विचारूनच येते. अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील. त्यांचं दूध उतू जात नाही, त्यांच्या पापडांना जाळी लागत नाही.

आमची मुलगी तेव्हा दुसरीत होती. पाऊस लागला की तिची छाती घरघरायची. डॉक्टर म्हणाले, ओल्या खोलीत झोपवू नका. आमच्याकडे कोरडी खोली होती कुठे? नवरा चिखला गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा, त्याचा पाय घरात कमीच. एका संध्याकाळी काकू आली, भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "पोरगी निजू दे वो मायापाशी. तो कोपरा कोरडा हाय." साड्यांची चळत उचलून तिनं मधल्या भिंतीजवळच्या लोखंडी कपाटात घातली आणि कोपऱ्यात पोरीसाठी खाट टाकली.

आठवडाभरात घरघर थांबली. मला आनंद झाला, नाही कशी म्हणू? पण सकाळी पोरगी परत यायची तेव्हा तिच्या केसांना डांबराच्या गोळ्यांचा वास असायचा आणि माझा जळफळाट व्हायचा. वेणी काकूसारखी घाल, वरणात काकूसारखा लसूण घाल. नवराही सुटीवर आला की आधी काकूच्या बेसनाच्या पातोड्यांची चौकशी करायचा.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला पाहुणे येणार म्हणून गावात घरं रंगवतात. त्या निमित्तानं मी आमच्या भिंतीला कंबरेपर्यंत ऑइलपेंट मारून घेतला, चांगला पोपटी. पाहुण्यांसाठी नव्हे, पोरगी घरी झोपावी म्हणून. काकूनं हात टेकवला आणि म्हणाली, "रंग मस्त हाय वो. पन ताप तसाच हाय." होळीपर्यंत पोपटी फोड आले. पोरगी बोटानं एकेक फोडत बसायची, आतून पाणी निघायचं. पुढच्या पावसाळ्यात ती उशी बगलेत मारून पुन्हा काकूकडे गेली. तिसऱ्या पावसाळ्यात तर तिनं मला विचारलंही नाही.

मधल्या काळात काकूनं साड्या विकणं बंद केलं. विचारलं तर म्हणाली, "आता कोन नेसते वो लुगडे." मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

यंदा मृगाच्या आधी तिचा भाचा तिला बपेऱ्याला घेऊन गेला. तिचा भाग आम्ही घेतला. कोरडं घर, शेवटी माझं! टेम्पोत कपाट चढलं आणि मी झाडू घेऊन आत शिरले.

कपाटामागची भिंत खांद्यापर्यंत काळी होती. आमच्याहून काळी. खाली जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं राहिलं होतं. सोडलं तर साड्या, घडीघडीवर बुरशीचे ठिपके. घरात कोरडा होता तो रस्त्याकडचा एकच कोपरा, आणि त्यात तीन पावसाळे माझी पोरगी झोपली होती.

पोरगी दारात उभी होती. तिला काहीच नवल वाटलं नव्हतं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "काकू म्हने, मायले नोको सांगू. साड्या खराब होऊन राहिल्या म्हनून समजलं, तं थे तुले येऊ देनार नाही."

वर्गात कुणी डब्यात काय आणलं हेसुद्धा मला सांगणारी पोर. हे तेवढं तिनं पोटात ठेवलं, काकूसाठी.

मी बादलीत चुना कालवला. पोरगी माझा मोबाइल घेऊन अंगणात गेली आणि माझ्याकडे पाठ करून हळू आवाजात बोलत राहिली. मी कान दिला, काही ऐकू आलं नाही. आत आल्यावर तिनं काळ्या भिंतीला उलटा हात टेकवला.

"काय म्हने काकू?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.