दित्याबाबाचे कान

"दोर सोड, पोरी! दोर सोड!"

दित्याबाबा ओरडत होता आणि मला दोर सुटत नव्हता. मनगटाला तीन वेढे. कड्याखाली भुऱ्या कुत्रा लोंबकळतोय, वर मी पालथी पडलेय, पाठीवर फडक्यात बांधलेला माझा सुभाष, अंग नुसतं विस्तव. भुऱ्याचं ओझं मला खाली ओढतंय, हनुवटीखालची माती सरकतेय. मी किंचाळले, "भुऱ्याऽऽ!" घाटात कुणाचं नाव घ्यायचं नाही, हे बाबानं शंभरदा सांगितलेलं. खालून कुणीतरी माझ्याच आवाजात तेच नाव घेतलं. पण जरा जास्तच उशिरानं.

बाबानं कमरेचा विळा काढला. एक घाव, दोर तुटला. पडल्याचा आवाज येईल म्हणून मी श्वास धरून राहिले. आलाच नाही.

दित्याबाबा कोण, ते सांगते. आम्ही शहाद्याकडचे, सपाटीवरचे. मी जेमतेम चौथीपर्यंत शिकलेली. मालक बोर्डाच्या शाळेवर मास्तर, त्यांची बदली झाली वर सातपुड्यात. आता तिकडे सुरुंग लावून रस्ता फोडतायत, तेव्हा नुसती पायवाट होती. चढायचं-उतरायचं तर दित्याबाबाला धरून. पावरा जमातीचा म्हातारा, लंगोटी, डोक्याला फेटा, पाय बाभळीच्या मुळीसारखे. समोरचं बोललेलं कळायचं, दूरचं काही ऐकू यायचं नाही. म्हणून भुऱ्या. म्हणायचा, "मन्हा कान चार पायवर चालतस."

दर वळणावर खाली बसायचा, भुऱ्याचा एकेक पंजा उचलून बोटांत काटा-खडा बघायचा. तुंबडीतलं पाणी आधी कुत्र्याला, मग आपण. मी एकदा हसून म्हटलं, "बाबा, बायकोचे पाय कधी असे पाहिले का?" तर म्हणतो, "तिना पायले मी भ्यास. ती लाथ मारस." मग बोट उगारून, "हसू नको, मास्तरीण. कुत्रा थांबना का आपण बी थांबानं. त्याले दिसस, ते आपले दिसस नही."

त्या दिवशी सुभाषच्या तापाचा तिसरा दिवस. पोर डोळे फिरवायला लागलं. शाळा तपासायला साहेब यायचे होते, मालकांना निघता येईना. म्हणाले, बाबा आहे ना, जा तू खाली दवाखान्यात. निघालो तर धुकं असं की आपलेच पाय दिसेनात. बिबट्या आधी कुत्र्याला उचलतो, म्हणून कुत्रा दोघांच्या मधे चालवायचा. बाबा पुढं, मधे भुऱ्या, मागं मी. दोर माझ्या हातात देताना बाबा म्हणाला, "मुठीत धर. मूठ उघडस, गाठ उघडस नही."

पण आमच्याकडं बैलाचा कासरा असाच धरतात, मनगटाला वेढे मारून. लहानपणापासून तेच. हातानं आपोआप वेढे घेतले, मला कळलंसुद्धा नाही.

कड्याच्या अरुंद वाटेवर भुऱ्या थांबला. कान ताठ. पाठीवरचं पोर रडायचं बंद झालेलं, मला त्याचीच भीती. मला वाटलं कुत्रा अडतोय. बैलाला देतात तसा हिसका दिला. त्याच्या पायाखालचा दगड गेला.

दोर कापल्यावर बाबानं माझ्या मनगटाचे वेढे सोडवले. विळा कमरेला लावला, मला हात धरून उठवलं. "चाल."

दहा पावलं गेलो असू, आणि मला ऐकू आलं. खालून. बारीक कुईकुई.

बाबा वळला. माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला, "पोरी, तुले काही ऐकू येस का?"

हो म्हटलं असतं तर म्हातारा त्याच पावली कड्यावरून खाली उतरला असता. मला पुढची वाट एक पाऊल माहीत नाही. पाठीवर पोर लुळं.

"नही बाबा."

दर वळणाला थांबून त्यानं विचारलं. दर वळणाला मी नाही म्हटलं. आणि आवाज कमी होईना. आम्ही एवढे उतरलो तरी तेवढाच जवळ, पायाखालीच. सागाच्या झाडांत सपाटी लागली, तिथं खाली काही उरलंच नव्हतं, तरी खालूनच येत होता.

सुभाष वाचला. दवाखान्याच्या दारातून बाबा तसाच माघारी गेला. दोन दिवस दरी शोधली म्हणे. कुत्राही नाही, दोराचं टोकही नाही. मी वर परतले तेव्हा माफी मागायला गेले, तर उलट माझीच समजूत घालत म्हणाला, "तुन्हा कानवर मन्हा भरोसा शे. तू नही म्हटलं, म्हणजे तो लगेच मरना. तरास नही झाया त्याले." मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसरा कुत्रा त्यानं पाळला नाही. त्या जागी आला की बरोबरच्याला विचारायचा, काही ऐकू येस का? लोक नाही म्हणायचे. एकदा शाळेचा शिपाई मात्र खाली मान घालून भरभर निघून गेला.

यंदा होळीच्या आधी बाबानं खाट धरली. मी सुभाषला कडेवर घेऊन गेले. खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेले होते. बाबाला आता काहीच ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ बघून ओळखायचा. सुभाषच्या पायाला हात लावून हसला. मग माझ्या ओठांकडं बघत पुन्हा तेच विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यानं डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी गेला.

कड्यावरचं एक वेळ सोडा, तिथं माझं पोर होतं. पण त्या खाटेशी, त्याचे डोळे ओठांवर लागलेले असताना, तुम्ही काय सांगितलं असतं?