अर्धा आटा जास्तीचा

जिथे डांबर संपतं आणि धूळ सुरू होते, तिथे घट्टोपंतांचं गॅरेज आहे. वर पत्र्याचं छप्पर, मधोमध माणूस उभा राहील एवढा खड्डा, आणि भिंतीवर मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं टांगलेले पाने, शाळेच्या फोटोसाठी उभे केल्यासारखे. त्यांचं खरं नाव कागदोपत्री असेल कुठेतरी. ते विचारत कुणी गॅरेजात आलं, तर तो सरकारी माणूस असणार हे सगळ्यांना कळतं.

नट बसला आणि पाना थांबला, की जगातले बाकीचे मिस्त्री हात पुसतात. घट्टोपंत तिथून सुरू करतात. दोन्ही पाय रोवायचे, छाती भरून श्वास घ्यायचा, "हं!" म्हणायचं आणि अर्धा आटा आणखी आवळायचा. मग बायकोच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका त्या नटावर. ही त्यांची सही. चित्रकारही चित्राच्या कोपऱ्यात सही करतो. फक्त ती वाचायला कुणाला गाडीखाली उताणं पडावं लागत नाही.

या थोर सवयीमागे एक चाक आहे. उस्तादाकडे शिकत असताना घट्टोपंतांनी बसवलेलं ट्रकचं चाक उतारावर निसटलं आणि ट्रकला मागे टाकून पुढे निघून गेलं. ड्रायव्हर कौतुकानं बघत राहिला आणि म्हणाला, "कुणाचं तरी चाक चाललंय." ट्रक शेताच्या बांधाला टेकून थांबला, कुणाला खरचटलंही नाही. पण उस्तादानं चारचौघांत जे सुनावलं, ते घट्टोपंतांच्या मनगटात जाऊन बसलं. त्यानंतर त्यांच्या हातून काही सैल राहिलं नाही. अडचण इतकीच, की काही सुटतही नाही.

घरी तर विचारूच नका. नळ त्यांनी बंद केला की शेजारच्या पैलवानाला हाक मारावी लागते. खिडकीची खिट्टी त्यांनी एकदा लावली, ती खिडकी तेव्हापासून भिंत म्हणून नांदते आहे. बायको मात्र तीस वर्षं या घरात बरण्या उघडून स्वयंपाक करत आली. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. बरणी घेऊन ती मोरीत जाते, आतून थोडी टकटक ऐकू येते, आणि बाहेर येते तेव्हा झाकण एका हातात, बरणी दुसऱ्या हातात. आत ती काय करते, हे घट्टोपंतांनी तीस वर्षांत विचारलं नाही. ज्याचं झाकण दुसऱ्या माणसाला उघडता येतं, त्याला आपली कारागिरी कमी पडली असं वाटणारच.

त्यांची भाची, म्हणजे बहिणीची मुलगी, हायब्रिड गाडी चालवते. ही गाडी अर्धी बॅटरीवर चालते, अर्धी पेट्रोलवर, आणि कोणत्या क्षणी कशावर चालायचं हे तिचं ती ठरवते. भाची त्या गाडीतून डायलिसिसचे सात पेशंट आठवड्यातून तीनदा दवाखान्यात नेते आणि परत आणते. दवाखान्याची अट अशी, की दर वर्षी ठरलेल्या दिवशी गाडी तपासणीला पास व्हायला हवी, नवा ऑइल फिल्टर बसवलेला हवा. नाही झाली, तर काम यादीतल्या पुढच्या माणसाला. तो पुढचा माणूस मोठी व्हॅन घेऊन वर्षभर टपून बसला आहे.

यंदाची तपासणी त्या दिवशी दुपारी चार वाजता होती. भाची खरं तर आठवडाभर आधी येणार होती. पण मामा म्हणाले होते, "अर्ध्या तासाचं काम. त्याच दिवशी ये. ताजं ऑइल घालून पाठवतो."

ती अकराला आली.

"किल्ली लांब ठेव," खड्ड्यात उतरता उतरता घट्टोपंत म्हणाले. "ही बया गप्प असते तेव्हा झोपलेली आहे की टपलेली, कळत नाही. मी खाली असताना उठली तर?"

भाचीनं गाडी पुरती बंद केली आणि किल्ली समोरच्या टायरवाल्याच्या गल्ल्यात ठेवून आली. किल्लीच्या मागोमाग टायरवालाही आला. त्या दिवशी त्याच्याकडे गिऱ्हाईक नव्हतं, आणि असतं तरी तो आलाच असता.

घट्टोपंतांनी ऑइल काढलं. खालचा बोल्ट हाताला दाद देईना, म्हणून पान्याला लोखंडी पाइप जोडून जोर केला, तेव्हा तो किंचाळत सुटला. काळं ऑइल परातीत आलं. मग ते फिल्टरकडे वळले. या गाडीचा फिल्टर एका गोल टोपीच्या आत बसतो, आणि टोपी वाडग्यासारख्या पान्यानं फिरवून काढायची असते. त्यांनी पाना लावला. टोपी हलली नाही. पाइप लावला. पाना घसरला, घट्टोपंतांचं कोपर खड्ड्याच्या भिंतीवर आदळलं आणि टोपी जागच्या जागी राहिली, पाहुणी म्हणून आलेल्या आत्यासारखी.

"कोणत्या गाढवानं आवळलंय हे?" खड्ड्यातून आवाज आला.

मिस्त्रीच्या धंद्यात हा प्रश्न ठरलेला असतो. डॉक्टर नाडी पाहतो, तसा मिस्त्री आधीच्या मिस्त्रीला शिव्या देतो. घट्टोपंतांनी रीतसर दिल्या. त्या माणसाला हात नाही, अक्कल नाही, त्याला उस्ताद भेटला नाही, त्याच्या हाती बैलगाडीही देऊ नये, असं सगळं सांगून झालं. मग त्यांनी दिवा जवळ नेला आणि पुढची शिवी अर्ध्यात गिळली.

टोपीवर लाल ठिपका होता.

"काय झालं, मामा?" भाचीनं वाकून विचारलं.

"काही नाही. ऑइलचा डाग आहे," असं म्हणत ते टोपीवर फडकं घासू लागले.

"गाढव सापडलं का?" टायरवाल्यानं काळजीनं विचारलं.

"मामा, मी ही गाडी तुमच्याशिवाय कुणाकडे नेतच नाही," भाची म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं.

"मग कंपनीनंच आवळून पाठवलं असणार."

"पण गेल्या वर्षी फिल्टर तुम्हीच बदललात ना?"

खड्ड्यातून फडकं आणखी जोरानं घासल्याचा आवाज येऊ लागला.

साडेबारापर्यंत पट्ट्याचा पाना तुटला, दुसरा वाकला, आणि टायरवाल्याचे सल्ले संपले. त्यातला शेवटचा सल्ला गाडी विकण्याचा होता. मग घट्टोपंत वर आले आणि त्यांनी भिंतीवरून छिन्नी आणि हातोडा उचलला.

भाची खड्ड्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. "नाही, मामा. टोपी फुटली तर नवी यायला आठ दिवस लागतात. मी कालच विचारलंय."

"फुटणार कशी? हलका हात आहे माझा."

हे ऐकून टायरवाल्याला ठसका लागला.

"मामा, माझी सात माणसं आहेत. उद्या सकाळी सहाला पहिली म्हातारी दारात पिशवी घेऊन बसलेली असेल. व्हॅनवाला तिला घेऊन जाईल, आणि मग कायमचीच घेऊन जाईल." तिचा आवाज चढला नाही, पण खाली गेला. घट्टोपंतांनी हातोडा ठेवला. छिन्नी हातातच राहिली, कारण दोन्ही एकदम ठेवणं म्हणजे हार.

एवढ्यात त्यांची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं, भाचीचं पाहिलं, डबा बाकावर ठेवला आणि पदर खोचून खड्ड्यात उतरली. दिवा धरून वर पाहिलं.

"माझीच नेलपॉलिश आहे ही," ती म्हणाली. "पुसली जात नसते ती अशी."

टायरवाला तोंड फिरवून रस्त्याकडे पाहू लागला. त्याचे खांदे हलत होते.

"मामी, काही होईल का?" भाचीनं विचारलं.

"बरणीच आहे ही. उलटी टांगलेली." मामी वर आली. "आधी ऊन करायला हवी. इंजिन चालू केलं की होईल ना गरम?"

"अगं, बाई!" घट्टोपंतांना बोलायला जागा सापडली. "ऑइल काढलंय मी. बिनऑइलचं इंजिन चालवायचं म्हणजे—"

"मग परत ओता."

"काढलेलं? परत?"

"फिल्टर सुटतोय का हे न बघता ऑइल आधी काढलं कुणी?"

छत्तीस वर्षं मिस्त्रीकाम केलेल्या माणसानं धुतलेल्या फडक्यातून काळं ऑइल गाळलं, खालचा बोल्ट बायकोच्या देखरेखीखाली, तिनं "बास" म्हणेपर्यंतच लावला, आणि तेच ऑइल नरसाळ्यातून गाडीच्या पोटात पुन्हा ओतलं. टायरवाल्यानं नरसाळं धरलं. अशी संधी रोज येत नाही.

भाचीनं किल्ली आणून बटण दाबलं. दिवे लागले. इंजिन मात्र गप्पच.

"बॅटरी भरलेली आहे. तिला इंजिनाची गरज वाटत नाहीये," भाची म्हणाली. "हीटर पूर्ण लावला, की गरम हवेसाठी उठावं लागतं तिला."

बाहेर ऊन असं होतं, की पत्रा कडकड वाजत होता.

"तुम्ही बसा आत," मामी नवऱ्याला म्हणाली. "चालू गाडी रिकामी सोडू नये, तुम्हीच सांगता ना?"

घट्टोपंत आत बसले. काचा बंद, हीटर पूर्ण, आणि समोर तापमानाचा काटा गोगलगाईच्या घाईनं वर चाललेला. पंधरा मिनिटं ते तिथे होते. आधी डोक्यावरची टोपी काढली, मग शर्टाची बटणं. मधेच त्यांनी काच खाली करायला हात नेला, तर बाहेरून बायकोनं बोट नाचवलं. काच खाली करण्याचा आणि फिल्टरची टोपी गरम होण्याचा काही संबंध नव्हता. हे घट्टोपंतांनाही कळत होतं, बायकोलाही कळत होतं. तरीही काच वरच राहिली. तीस वर्षांच्या बरण्यांचं ते ऊन होतं.

ते बाहेर आले तेव्हा नुकतेच उकडून काढल्यासारखे दिसत होते. गाडी बंद झाली, किल्ली पुन्हा गल्ल्यात गेली. मामी खड्ड्यात उतरली. तिनं वाडग्यासारखा पाना टोपीवर बसवला, लाकडी हातोडीनं ठोकून चांगला आतपर्यंत रुतवला. मग पळीनं बरणीला करावी तशी कडेकडेनं टकटक केली. एक चक्कर, दुसरी चक्कर. मग पान्याला दांडा लावला आणि हाक मारली.

"अहो, खाली या. आवळा."

घट्टोपंतांना वाटलं, हीटरनं कान गेले. "काय करू?"

"आवळा. केसभर. घट्ट झालेलं झाकण आधी किंचित आवळायचं असतं, म्हणजे धरलेली पकड तुटते. मग सुटतं. बरणीला मी आवळते. इथे माझा जोर पुरायचा नाही. तुमचा पुरेल."

"तीस वर्षं तू आवळून उघडतेस?"

"केसभर म्हटलं मी. अर्धा आटा नाही."

घट्टोपंतांनी पाय रोवले. छाती भरून श्वास घेतला. बायकोनं दांड्यावर त्यांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला, लगाम धरावा तसा. "हं," ते म्हणाले, अगदी हळू, लहान मूल झोपलेल्या घरात म्हणावं तसं. टोपीतून बारीक 'कुई' आली.

"आता उलटं."

दांडा बोटभर सरकला. मग दोन बोटं. मग टोपी हातानं फिरू लागली आणि गरम ऑइलची धार घट्टोपंतांच्या बाहीत शिरली. ते ओरडले, पण आनंदानं की चटक्यानं, हे नीट सांगता येणार नाही. वर भाचीनं टायरवाल्याला मिठी मारली आणि मग कुणाला मारली हे लक्षात येऊन सोडली.

"पाहिलंस?" घट्टोपंत खड्ड्यातून म्हणाले. "शेवटी मीच सोडवली."

"तुम्हीच," मामी म्हणाली. तिचं काम झालं होतं.

टोपीतली रबरी रिंग चपटी होऊन दगड झाली होती. काळं ऑइल पुन्हा परातीत काढलं, नवी रिंग बसवली, तिला ऑइलचं बोट लावलं, नवा फिल्टर घातला. घड्याळात पावणेतीन. टोपी परत लावायची वेळ आली आणि घट्टोपंतांनी दांड्याकडे हात नेला. भाचीनं पिशवीतून स्वतःचा पाना काढला. ठरलेला जोर लागला की 'टक्' वाजतं, असा.

"टोपीवरच आकडा कोरलाय, मामा. पंचवीस. त्याच्या पुढे नाही."

"आकडे कारखान्यात बसून कोरतात. रस्त्यावर गाडी मी पाठवतो."

"मग मी लावते."

"माझ्या गॅरेजात गिऱ्हाईक हात लावत नाही."

"मी गिऱ्हाईक नाही," मामी म्हणाली आणि पाना घेतला. तिनं सावकाश फिरवला. टक्. ती थांबली. घट्टोपंतांचा हात आपोआप वर आला, पाय आपोआप रोवले गेले. बायकोनं पाना पाठीमागे धरला आणि त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. खड्ड्यात दोघांना मावेल एवढीच जागा होती, त्यामुळे ते पाहणं चुकवता येण्यासारखं नव्हतं. शेवटी त्यांनी हात शर्टाला पुसला.

सव्वातीनला गाडी गेली, ताजं ऑइल पिऊन, आवाज न करता.

तरीही घट्टोपंतांनी डबा उघडला नाही. ती गाडी जिथे उभी होती तिथली जमीन पाहिली. रस्त्यावर जाऊन लांबपर्यंत वाकून पाहिलं. "सैल आहे ते," ते टायरवाल्याला म्हणाले. "टक्-बिक् काही नसतं. वळणावर सगळं ऑइल सांडणार. पोरगी वाटेत अडकणार, व्हॅनवाला हसणार." टायरवाल्यानं पहिल्यांदाच चेष्टा केली नाही, कारण या माणसाला कुठलं तरी चाक पुढे निघून जाताना दिसत होतं. मामी बाकावर बसून होती. चार वाजले, साडेचार झाले.

पावणेपाचला फोन वाजला. घट्टोपंतांनी तो कानाला असा लावला, की आवाज बाहेर सांडू नये.

"मामा, पास!"

"थेंब?"

"एकही नाही. साहेबांनी टोपीखालून बोट फिरवलं, पांढऱ्या रुमालाला पुसलं. कोरडं. म्हणाले, दिवसभरात पाहिलेली ही पहिली टोपी, जिच्यावर छिन्नीचा घाव नाही. विचारलं, कुणी बसवली?"

घट्टोपंतांनी मान ताठ केली. "मग? काय सांगितलंस?"

"मामीनं. त्यांनी कागदावर तसंच लिहिलं."

घट्टोपंतांनी बायकोकडे पाहिलं. मघापासून थांबलेल्या तिनं आता कुठे डब्याचं झाकण उघडलं होतं आणि पहिला घास हातात घेतला होता.

"बरं," ते फोनमध्ये म्हणाले. "पण काढताना आधी आवळली कुणी, ते सांगितलंस का त्यांना?"