नखाची खूण

“ह्यात जीव न्हाय,” जीपच्या पुढच्या चाकापाशी बसलेले म्हातारे मिस्त्री स्वतःशीच पुटपुटले.

दादा हसला. “मिस्त्री, तुमाला टायरातबी भुतं दिसत्यात की!”

सोलापूरबाहेरच्या माळावर चुन्याने वळणं आखून जीपची शर्यत भरली होती आणि दादाची पाळी जवळ आली होती. मिस्त्री डोळे मिटून प्रत्येक टायरात अंगठ्याचं नख रुतवत होते, नाडी पाहावी तसे. मऊ रबर माती धरतं; कडक झालेलं वळणावर घसरतं, आणि जीप उलटते.

दादा हेल्मेट आणायला गेला तेव्हा मीही चोरून नख दाबून पाहिलं. तीन टायरांत उमटलेली खूण कातडीसारखी हळूहळू भरून आली. चौथं, मिस्त्री ज्यापाशी पुटपुटले ते पुढचं, पॉलिशने नव्यासारखं चकाकत होतं, पण त्यावर खूण उमटेचना. भर उन्हात ते मला गार लागलं.

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी; माझ्या पुस्तकी बोलण्याला हसतील म्हणून त्या गर्दीत दिवसभर तोंड उघडलं नव्हतं. दादाने इंजिन सुरू केलं आणि मी जीपसमोर जाऊन उभी राहिले.

“दादा, ते टायर मेलंय. मी हलणार नाही.”