निळीताईंची नदी

नदीची पातळी नोंदवणाऱ्या बाईंना ऑफिसात सगळे निळीताई म्हणत. पुलावरचा माणूस तासातासाला फोन करून पाणी किती ते सांगे, आणि ताई बिनखिडकीच्या खोलीत बसून तो आकडा कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात भरत. दिवसाची एक आडवी ओळ, तासाचा एक उभा रकाना. वर त्यांची स्वतःची एक खोड होती: पाणी जितकं जास्त, तितका गडद निळा रंग त्या चौकोनात भरायचा. नकाशे काढणारे भाऊसाहेब म्हणत, "ताई, पगार आकड्यांचा मिळतो, रंगाचा नाही."

डोळे अधू, म्हणून ताई अक्षरं एवढी मोठी ठेवत की पडद्यावर जेमतेम दोन-चार ओळी मावत. एका दुपारी त्यांचं कोपर कंट्रोलच्या बटणावर टेकलं आणि बोटाखालचं माउसचं चाक फिरलं. अक्षरं बारीक होत होत दिसेनाशी झाली आणि सगळ्या वर्षांचा तक्ता एकाच पडद्यावर मावला. उरला नुसता निळा रंग, दर वर्षी फुगणारा, ओसरणारा, पुन्हा फुगणारा. ताई खुर्ची सारून उभ्याच राहिल्या. इतकी वर्षं आपण काय भरत होतो, ते त्यांना आत्ता दिसत होतं.

शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेबही उठून पडद्याजवळ आले. मग मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर त्यांनी हळूच बोट ठेवलं. "इथे कोरडी पडली होती का?"

"नाही हो. मी बाळंतपणाच्या रजेवर होते. बदलीवरच्या माणसाने नुसते आकडे भरले."

"मग आता रंग देऊन टाका."

"राहू द्या पांढरं," ताई म्हणाल्या. "तिथे माझी लेक आहे."