संपतची ड्रिलची पेटी

ड्रिल मशीनखाली लोखंडाचा चुरा साचतो, तसे आमच्या शेडातले किस्से साचलेत. चुरा भंगारवाला घेऊन जातो. किस्से कुणी नेत नाही, म्हणून मीच सांगत बसते.

तर कराडच्या पुढं, हायवेच्या कडेला, पत्र्याच्या शेडात एक होता संपत, माझा मुलगा. एक त्याची बायको सुनंदा. एक मशीनवरचा बिरू. आणि एक मी, घरात करमत नाही म्हणून शेडात जाऊन बसणारी. लोणंदच्या एका कंपनीसाठी आम्ही ट्रॅक्टरच्या सीटखालच्या प्लेटा करायचो. प्लेटेला चार भोकं, काम एवढंच. पण त्या चार भोकांनी घर हलवून सोडलं.

*

बिरू माण तालुक्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. खडूनं खूण करायचा आणि नजरेनंच भोक पाडायचा. संपत म्हणाला, जरा मापानं घे. तर म्हणतो, "कळपातलं कुठलं मेंढरू कुणाचं, ते मी लांबनं वळकतो मालक. मला माप सांगता व्हय?"

नजर खरीच होती त्याची. पण कंपनीत त्या प्लेटांतनं बोल्ट जाईना. टेम्पो भरून गेलेला माल तसाच टेम्पो भरून परत आला. बिरूनं ढिगाकडं बघितलं.

"वळकली," म्हणाला. "आपलीच हायत."

*

कंपनीच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, दसऱ्यानंतर मी स्वतः येतो. माल एकसारखा निघताना दिसला तर ठीक, नाहीतर काम दुसऱ्याला. संपत घरी येऊन म्हणाला, हे काम गेलं तर शेड बंद करून पुन्हा पुण्याला नोकरीला जातो. सुनंदा भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही, एवढंच म्हणाली, "एकट्यानं जायचं का समद्यांनी, तेवढं आधी सांगा."

*

मग संपतनं लोखंडाची पेटी केली. जिग म्हणतात तिला. प्लेट आतल्या कोपऱ्यात दाबून बसवायची, वरून झाकण लावायचं. झाकणाला कडक पोलादाच्या चार नळ्या. ड्रिल त्या नळीतनंच खाली जातं, इकडंतिकडं सरकायला जागाच नाही. सोऱ्यातनं चकली कुणीही पाडली तरी एकसारखी पडते की नाही, तसं.

बिरू रुसला. मग माझ्या हाताचं काय, म्हणून बाहेर जाऊन बसला. संपतनं वाद घातला नाही. ड्रिलला कधी हात न लावलेल्या सुनंदाला मशीनवर उभी केली. दुपारपर्यंत तिनं क्रेट भरला. प्लेटा एकीवर एक ठेवल्या तर भोकांतनं आरपार दिसायचं.

बिरू आत येऊन म्हणाला, "हे काय वहिनींनी न्हाई केलं. पेटीनं केलं."

"मग च्या पण पेटीलाच पाजा," सुनंदा म्हणाली आणि घरी गेली.

*

पुढं बिरूही पेटीवर काम करायला लागला. पण गप्पांच्या नादात प्लेट उलटी बसवायचा आणि भोकं भलतीकडं पडायची. प्लेटेचा एक कोपरा कापलेला असतो. तो जिथं यायला पाहिजे, तिथं संपतनं एक पिन ठोकली. आता प्लेट उलटी घातली की पिनेला अडते.

बिरूनं मुद्दाम उलटी घालून बघितली. अडली. मला म्हणाला, "आक्का, ही पेटी आमच्या बायकूगत हाय. चुकायच्या आधीच अडवती."

*

मलाही काम मिळालं. संपतनं एका ठोकळ्यावर चार पिना आणि प्लेटेच्या कडा टेकतील अशा दोन पट्ट्या बसवून दिल्या. त्याला गेज म्हणतात. प्लेट त्यावर ठेवायची. बसली तर चांगली, नाहीतर बाजूला. आकडे वाचायला नकोत. आणि रोजची पहिली प्लेट माझ्या ठोकळ्यावर बसल्याशिवाय दुसरी ड्रिलखाली जायची नाही, असा नियम. बिरू म्हणायचा, "आधी आक्काला निवद, मग पुढचं काम."

*

दसरा झाला. खंडेनवमीला मशीनची आणि पेटीची पूजा झाली होती, हळदकुंकू, झेंडू, अक्षता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले, ते सरळ मशीनपाशीच उभे राहिले. बिरूनं पहिली प्लेट काढून माझ्या हातात दिली.

बसेना. उचलून पुन्हा ठेवली, दाबून बघितली. तरी बसेना.

संपत माझ्याकडं बघत होता. हळूच चांगल्या ढिगात सरकवली असती, तर साहेबांना काय कळणार होतं?

"काय आजी?" साहेबांनी विचारलं.

"बसत न्हाई," मी म्हणाले.

सुनंदानं पेटी उघडली, कोपऱ्यात बोट फिरवलं आणि नखानं काहीतरी उकरून तळहातावर घेतलं. कुंकवानं माखलेला तांदळाचा दाणा. प्लेट त्याच्यावर टेकली होती आणि तेवढीच सरकली होती.

बिरू पुढं झाला. "साहेब, अक्षता म्या टाकल्या. पेटी पुसायची ऱ्हायली. काय बोलायचं ते मला बोला."

साहेब संपतला म्हणाले, "कितवी प्लेट ही?"

"पहिलीच. दुसरी अजून लावली नाही."

साहेबांनी पेटी बघितली, माझ्यापुढचा ठोकळा बघितला. मग सुनंदाच्या तळहातावरचा तो दाणा चिमटीत उचलला आणि संपतच्या डोक्यावर टाकला.

"सोमवारपासून माल पाठवायला लागा," ते म्हणाले. "वर्षभर."