दहापैकी चार

डॉ. शकुंतलाबाई ढोमणे यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लेख द्या, असा निरोप आला तेव्हा मी पोट शेकत आडवी पडले होते. या ग्रंथातले बाकीचे लेखक मॅडमचे विद्यार्थी किंवा सहकारी डॉक्टर आहेत. मी त्यांची रुग्ण, अकोल्याच्या एका शाळेत मराठी शिकवते. रुग्णाने असा लेख बरं होऊन लिहावा अशी रीत असेल, पण तेवढं थांबायचं त्राण आता माझ्यात नाही.

मॅडमची आणि माझी पहिली भेट सात वर्षांपूर्वीची. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि दर महिन्याचे चार-पाच दिवस मी माणसांत नसायची. 'पाळीत दुखायचंच, सवय करा,' हे गावात दोन ठिकाणी ऐकून झालं होतं. म्हणून अमरावतीला मॅडमकडे गेलो. सोनोग्राफी पाहून त्यांनी दुखण्याचं नाव सांगितलं, अ‍ॅडिनोमायोसिस. माझे यजमान मधुकरराव नुसत्या नावानेच पांढरे पडले. मॅडम त्यांना म्हणाल्या, "कॅन्सर नाही हाये, भिऊ नका. घराच्या भितीत ओल मुरते न, तसं हाये हे. गर्भाशयाचं आतलं अस्तर भितीच्या मासात घुसते. दर महिन्याले तिथंही रगत येते, अन् त्याले बाहेर जायले वाट नाही. मंग दुखीन नाही तं काय?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी खोटं सांगून नाही राहिल्या, बाई." इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मी तिथेच रडले.

मॅडमची एक पद्धत त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांना माहीत असेलच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, रोजच्या तारखेच्या चौकोनात, दुखण्याला दहापैकी गुण लिहायला त्या सांगत. मी सहा महिने इमानेइतबारे लिहिले. तीन, चार, एकदा साडेचार. त्या आकड्यांकडे पाहून मॅडम साध्या गोळ्या देत राहिल्या. सहाव्या महिन्यात त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावरच मला भोवळ आली. शुद्धीवर आले तेव्हा मॅडम माझं कॅलेंडर घेऊन शेजारी बसल्या होत्या.

"आज किती?"

"चार."

"मंग दहा कवा?"

"दहा मी कुणालाच देत नाही," मी म्हटलं. "माझ्याकडून निबंधाला पाच मिळाले तर पोरी पेढे वाटतात."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चूक माही हाये. मास्तरणीले गुण मागतले, अन् तिची पट्टीच नाही इचारली." त्या दिवसापासून त्या गुणांसोबत आणखी एक गोष्ट लिहायला सांगू लागल्या, की आज काय करता आलं नाही. मग माझ्या चौकोनांत येऊ लागलं, 'फळ्याच्या वरच्या ओळीला हात पोचला नाही', 'मूर्तिजापूरला बसमधून उतरावं लागलं'. मॅडम हा किस्सा नव्या डॉक्टरांना स्वतःची चूक म्हणून सांगतात, असं मागाहून कळलं. माझं नाव घेत नाहीत, अकोल्याच्या बाई म्हणतात.

हिवरखेडच्या माझ्या नणंदबाईंचं एकच पालुपद होतं, "पिशवी काढून टाक न एकडाव. माही काढली तं काय बिघडलं?" आमच्याकडे गर्भाशयाला पिशवीच म्हणतात, आणि ती काढायचा सल्ला भाजी निवडता निवडता दिला जातो. मॅडमनी सल्ला दिला नाही, वाटा सांगितल्या. हार्मोनच्या गोळ्यांनी दुखणं आटोक्यात येईल, पण त्या चालू असेतो मूल नाही. गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन काही वर्षं आराम देईल, तेव्हाही मूल नाही. गर्भाशय काढलं तर हे दुखणं संपेल आणि आशाही. मुलासाठी थांबायचं तर सोसत थांबावं लागेल, आणि त्याचीही खात्री त्या देत नव्हत्या. मी विचारलं, "तुमची मुलगी असती तर?" त्या म्हणाल्या, "माह्या पोरीलेही हेच सांगतलं असतं. पोट तुमचं हाये." मला राग आला. डॉक्टरांनी एकदाचं ठरवून टाकावं म्हणून तर माणूस इतक्या दूर जातो.

आम्ही दोन वर्षं थांबलो. एकदा दिवस गेले, अडीच महिन्यांत संपलं. त्या दिवशी मॅडमनी मला परतीच्या बसमध्ये बसू दिलं नाही. दवाखान्याच्या वर त्यांचं घर आहे. तिथे स्वतःच्या पलंगावर निजवलं, मुगाची खिचडी खाऊ घातली आणि उशाशी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या. 'पुन्हा होईल' असं एकदाही म्हणाल्या नाहीत, याचे उपकार मी विसरणार नाही. नंतर आम्ही साधन बसवलं. चार वर्षं बरी गेली. काही महिन्यांपासून सगळं पुन्हा सुरू आहे.

गेल्या महिन्यात मी कॅलेंडर घेऊन गेले. मॅडम आता शस्त्रक्रिया करत नाहीत, हात थरथरतो, पण रुग्ण तपासतात. चष्मा लावून त्या एकेक चौकोन वाचत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. तिथे दहा लिहिले होते. खरं सांगायचं तर त्या दिवशी दुखणं नेहमीपेक्षा जास्त नव्हतं. मला हातचं राखून ठेवायचा कंटाळा आला होता, इतकंच.

"ठरवलं तुमी," मॅडम म्हणाल्या.

"हो. दमले आता."

त्यांनी कॅलेंडर मिटलं. "ऑपरेशन माह्या हातून नाही होणार. पन टेबलाजोळ मी उभी राहीन."

हा ग्रंथ वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ते झालेलं असेल. मुलाचं दुःख राहील, ते कुठल्या शस्त्रक्रियेने निघत नाही. पण हा निर्णय माझा आहे, कारण मॅडमनी सात वर्षं त्याला हात लावला नाही. त्याबद्दल मी त्यांच्यावर रागावले होते, ते आज सर्वांसमक्ष मागे घेते.

मॅडमना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. दहा मी जन्मात एकदाच दिले, तेही दुखण्याला. मॅडमना साडेनऊ. उरलेला अर्धा गुण त्यांना शंभरीच्या दिवशी मिळेल, आणि तो द्यायला मी स्वतः अमरावतीला येईन.